आईच्या फोनची वेळ

सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला अगदी खेटून असलेल्या वन्यप्राणी उपचार केंद्रात पुनम इंटर्न म्हणून आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिला गप्प बसायला सांगण्यात आलं. कराडच्या या मुलीला आजवर तेवढं एकच काम जमलेलं नव्हतं. शाळेत बाईंनी सांगून पाहिलं, घरी आईने सांगून पाहिलं, पण पुनमच्या तोंडाला काही खीळ बसली नाही.

"जनावराशी बोलायचं नाही. लाड नाही, नाव ठेवणं नाही," डॉक्टर अन्नपूर्णा म्हणाल्या. त्या इथल्याच, ब्रह्मपुरीकडच्या. रागावल्या की गावची बोली तोंडात यायची. "माणसाची सवय लागली का पाडसाचा कारभार आटोपला म्हून समज. जंगलात सोडलं तरी ते गावात येते, अन् गावचे कुत्रे त्याले फाडतेत."

तेव्हा केंद्रात चितळाचं एक पाडस होतं. मोहफुलं वेचायला गेलेल्या बायकांना ते झुडपात एकटंच दिसलं. आई जवळच चरत असणार हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि बिचाऱ्यांनी दया येऊन त्याला पदरात गुंडाळून आणलं. केंद्रातले जुने मदतनीस वारलूभाऊ त्याला दूध पाजायचे. अंगावर गोणपाट घ्यायचं, बांबूच्या तट्ट्यातल्या भोकातून बाटली आत सरकवायची आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. वारलूभाऊही बोलघेवडे. दूध पाजून झालं की ते लांब विहिरीपाशी जाऊन तुंबलेलं सगळं बोलून घ्यायचे.

पुनमने नियम पाळला, मनापासून पाळला. पाडसाचे ओले डोळे पाहून तिला काहीतरी बोलावंसं वाटायचं, पण ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. सगळा दिवस असा मुका गेला की संध्याकाळी तिला आईशी बोलल्याशिवाय चैन पडायचं नाही. कराडात आई बांगड्यांचं दुकान बंद करून फोन करायची. आणि मोबाइलला रेंज म्हणाल तर साऱ्या केंद्रात एकाच ठिकाणी, पाडसाच्या कुंपणामागे मोहाच्या झाडाखाली.

"टावर तिथीच येते, बाई," वारलूभाऊंनीच तिला जागा दाखवली होती.

रोज संध्याकाळी तट्ट्याच्या एका बाजूला वारलूभाऊ बाटली धरून बसायचे आणि दुसऱ्या बाजूला पुनम आईशी बोलायची. आज काय केलंस, भात खाऊन कंटाळले गं, शेजारच्या काकूंचा गुडघा कसा आहे. ती पाडसाशी बोलत नव्हती, आईशी बोलत होती. यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. पुढे दूध सुटलं, बाटलीच्या जागी पाल्याची जुडी आली, पण वेळ तीच राहिली आणि बोलणंही तेच.

धान पिवळं पडायला लागलं तेव्हा पाडसाला सोडायचं ठरलं. त्याआधी परीक्षा, माणसाला ते भितं का याची. डॉक्टर कुंपणात शिरल्या, पाडस पळालं. वारलूभाऊ शिरले, त्यांनी हाकही मारली, पाडस कोपऱ्यात जाऊन भ्यालेल्या चितळासारखं पाय आपटायला लागलं. सगळे खूश झाले. तेवढ्यात कुंपणामागे मोहाखाली उभ्या असलेल्या पुनमच्या खिशातला फोन वाजला, आईची वेळ झाली होती. "हं आई, नंतर करते गं," ती हळूच म्हणाली.

पाडसाने कान टवकारले. मग ते टुणटुण उड्या मारत थेट तिच्याकडे आलं आणि तट्ट्याच्या फटीतून तिचा हात चाटायला लागलं.

पुनमला सगळं कळून चुकलं. जिच्या आवाजाबरोबर रोज पोट भरलं, ती त्या पाडसाची आई झाली होती.

"याले सोडता येत नाई आता," डॉक्टर म्हणाल्या. "पिंजऱ्यात जाईन हे. जन्मभर."

"मॅडम, मी भीती घालते त्याला. माझ्याच आवाजाची."

"चितळाचं काळीज इवलुसं असते, पुनम. जास्त भ्यालं तं जागीच मरते."

"थोडी थोडी घालते." डॉक्टरांनी नाइलाजाने मान डोलावली.

धानाच्या बांध्यांत रानडुकरं शिरली की इथली माणसं तेलाचा रिकामा डबा बडवतात. तसाच एक डबा पुनमने वारलूभाऊंकडून मागून घेतला. आधी तिने खोटंच फोनवर बोलून पाहिलं, पण आवाज असा काही कापरा निघाला की पाडस जागचं हललंही नाही. शेवटी तिने खरंच आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मग मी काय बोलू?" आईने विचारलं.

"रोजचंच बोल. मधेच मोठा आवाज होईल. दचकू नकोस."

आईने मेथीच्या भाजीपासून सुरुवात केली. पुनम हूं हूं करत राहिली. पाडस आलं, त्याने फटीत नाक घातलं. पुनमने डोळे मिटले आणि डबा बडवला. पाडस उलट्या पायी उडालं, तट्ट्यावर धडकलं आणि दूर जाऊन थरथरत उभं राहिलं.

त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आलं. बिचकत, एकेक पाऊल टाकत, पण आलं. बहुतेक तिची कालची चूक त्याने पोटात घातली होती. पुनमचा हात उचलेना.

"पुनम, वाजव," आई फोनवरून म्हणाली. "मी बोलतेय ना. वाजव तू."

तिने वाजवला. मग रोजच वाजवला. वारलूभाऊ तेवढ्या वेळापुरते विहिरीपाशी निघून जायचे. "मले नाई पाहवत," असं म्हणायचे. हळूहळू पाडस अर्ध्या वाटेत थांबायला लागलं. मग मागे सरायला लागलं.

सोडायच्या दिवशी सकाळी केंद्रामागच्या नाल्याच्या काठाला चितळांचा कळप चरत होता. मागचं फाटक उघडलं. पाडस बाहेर पडलं, गवत हुंगलं आणि तिथेच रेंगाळलं. डॉक्टरांनी पुनमकडे पाहिलं. शेवटची खात्री करायची होती, आणि आज डबा वाजवायचा नव्हता.

पुनमने मोहाखाली उभं राहून फोन लावला.

"हं आई," ती रोजच्याच, अगदी मऊ आवाजात म्हणाली. "बोल ना. चहा घेतलास का?"

पाडसाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पुढचा पाय जमिनीवर आपटला. आणि शेपटीचा पांढरा झुबका उभा करून ते जे सुटलं, ते नाला ओलांडून कळपात शिरेपर्यंत थांबलं नाही. मग सगळा कळपच उधळला आणि झाडीत दिसेनासा झाला.

"जमलं, बाई!" वारलूभाऊ ओरडले. मग तिच्याकडे पाहून आवाज खाली आणत म्हणाले, "आता काऊन रडून राह्यल्या?"

पुनमला आनंद झाला होता, खरंच झाला होता.

"घाबरलं का गं ते तुला?" आईने फोनवर विचारलं.

"हो आई. खूप घाबरलं."

"बरं झालं," आई म्हणाली.