चारी बाजूंनी किनार

मला 'मेक्सिकन टॉप' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा! मी वीपील बोलतेय. ग्वाटेमालातल्या कक्चिकेल बायका अंगात घालतात ना, ती हातविणीची चोळी. सध्या मुक्काम ऑकलंडला, माउंट रॉस्किलमध्ये, विनयाच्या कपाटात.

मला तोमासानं विणलं. मागाचं एक टोक पेरूच्या झाडाला, दुसरं तिच्या कमरेला. ती मागे रेलली की माझे धागे ताठ. चार महिने लागले. दोन पट्ट्या विणल्या आणि मान जाईल एवढी फट ठेवून जोडल्या. कात्री कशाशी खातात ते मला ठाऊकच नव्हतं.

तिची लेक लुसिया मला घालून शहरातल्या शाळेत गेली. बाई म्हणाल्या, "उद्यापासून माणसांसारखे कपडे घाल." दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा मलाच घालून गेली! तिसऱ्या दिवशीही. शेवटी बाईच थकल्या.

मोठेपणी लुसिया इथल्या वृद्धाश्रमात कामाला आली. विनया तिथंच नर्स. विनयाची छोटी इरा शाळा सुटली की तिथं येऊन लुसियाच्या मागेमागे असायची. लुसिया तिला सांगायची, "आमच्या देशात माया लोकांच्या विसांवर भाषा आहेत. शिवाय शिंका नावाचे लोक, समुद्राकाठचे गरिफुना. आणि गाव बदललं की वीपीलवरची नक्षी बदलते." मायदेशी परतताना तिनं मला इराच्या हातात दिलं. विनयानं "मोठी झाली की घालेल" म्हणत कपाटात कोंबलं. दोन वर्षं! जीव घुसमटला हो माझा.

यंदा विनयाचं दुसरं बाळंतपण, म्हणून सासूबाई आशालता पुण्याहून आल्या. बाळासाठी गोधडी शिवायची, तर जुनं मऊ कापड हवंच. त्यांनी कपाट उपसलं आणि मी सापडले. लगेच मला उलटं केलं. पैठणी पारखतात ती अशीच, नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी हवी. माझी नक्षी मागून दिसत नाही. आमच्या गावची वीणच तशी.

"अगंबाई, मागे काहीच नाही! मशीनचं दिसतंय. गोधडीला बरं आहे."

मशीनचं? मी? अहो बाई, तुमच्या पैठणीचा न्याय मला लावू नका! पण कापडाचं ऐकतं कोण? त्यांनी कात्री हातात घेतली.

तेवढ्यात इरा शाळेतून आली. "आजी, स्टॉप! लुसियाच्या मॉमनं केलंय ते. यू कान्ट कट इट!"

"अगं, फुकट पडून राहण्यापेक्षा बाळाच्या अंगावर जाईल," म्हणत आजी उसवायला कापडाची कापलेली कड शोधू लागल्या. शोधतायत, शोधतायत. फिरवून पाहिलं. चष्मा लावून पाहिलं.

"विनया, इकडे ये गं! याला कापलेली कडच नाही. चारी बाजूंनी विणीची किनार! पैठणीसुद्धा मागावरून कापून उतरवतात. हे मशीनचं नव्हेच, हातानं अख्खंच्या अख्खं विणलंय."

त्यांनी कात्री डब्यात टाकली आणि मला कपाळाला लावलं. "चुकले हो बाई," म्हणाल्या. हे मला की तोमासाला, कोण जाणे.

शुक्रवारी शाळेत कल्चर डे होता. इरा मला घालून गेली. दारातच टीचर माओरीत नमस्कार करून म्हणाल्या, "किया ओरा, इरा! लव्हली मेक्सिकन टॉप!"

एरवी ही पोर मान डोलावून मोकळी होते. आज तिथंच उभी राहिली. "नो, मिस. कक्चिकेल. ग्वाटेमाला. प्रत्येक गावाचं वेगळं असतं. लाइक इवी." इवी म्हणजे इथली माओरी कुळं. टीचर रागावल्या नाहीत. "मला नीट म्हणायला शिकव," म्हणाल्या. इरानं त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तोमासा, ऐकलंस ना गं?

तर कुणाला माझा उशीचा अभ्रा करायचाय, कुणाला चौकटीत टांगायचंय, कुणाला दुसऱ्याच देशाचं नाव चिकटवायचंय, त्यांनी खुशाल यावं कात्री घेऊन. फक्त आधी माझी कापलेली कड शोधून दाखवावी.