पुठ्ठ्याचा पूल

माझ्या अंगावर एक नदी आहे, तिला मिळणारा एक नाला आहे, पायऱ्यापायऱ्यांचा घाट आहे, बाग आहे, आणि नाल्यावर तीन कमानींचा देखणा पूल आहे. पाणी मात्र कुठेच नाही. मी नगरपालिकेच्या सभागृहातला नमुना बोलतोय. वर्धा जिल्ह्यातल्या एका कापसाच्या बाजारगावाचा नदीकाठ पुढे कसा दिसेल, ते लोकांना दाखवावं म्हणून मला घडवलं. त्याला बरीच वर्षं झाली. ‘पुढे, पुढे’ सांगत बसण्याचाही शीण येतो हो माणसाला. मी तर माणूसही नाही.

माझा जन्म बंडोपंतांच्या ओसरीवर झाला. बंडोपंत म्हणजे इथल्या मिडल स्कूलचे ड्रॉइंग मास्तर. बारीक अंगाचे, खिशात कायम दोन-तीन पेन्सिली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या, आणि गावाचे नवे अध्यक्ष वासुदेवराव कुठल्याशा मोठ्या शहराचा नदीकाठ पाहून आले होते. त्यांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, “मास्तर, आपला काठ असा करून दाखवा, की पाहनाऱ्याचं तोंड उघडं राह्यलं पाह्यजे.”

मास्तरांनी जीव ओतला. सागवानी फळीवर कागदाच्या लगद्याचे चढउतार केले, नदीच्या जागी काच बसवून तिला खालून निळा रंग दिला. वाळलेल्या घोसाळ्यांच्या जाळीची झाडं केली. दिव्यांसाठी पांढरे मणी हवे होते, तर पत्नीची, यशोदाबाईंची, जुनी माळ उसवली.

यशोदाबाई म्हणाल्या, “घरातली मोरी तुंबली आहे, ती आधी पाहा. मग गावाचा नाला पाहा.”

मास्तर हसले, पण मान वर केली नाही. ते पुठ्ठा ओला करून माझ्या पुलाची कमान वाकवत होते. तेव्हाचे त्यांचे डोळे मला आठवतात. आपण जे करतोय ते खरंच होणार, असा पक्का भरवसा होता त्या डोळ्यांत.

मला सभागृहात मांडलं ते नेमकं खिडकीशी. खिडकीबाहेर खरा मोतीनाला वाहतो. नाव मोती, पण पाणी शेवाळलेलं, काठाला जिनिंगमधला कचरा, मधोमध बसलेल्या म्हशी. त्याच्या पलीकडे माळीपुरा. तिथली माणसं वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतात आणि रोज नाला उतरून बाजारात आणतात. पावसाळ्यात नाल्याच्या तळाशी गुडघाभर गाळ साचतो, आणि मग टोपली डोक्यावर घेऊन उतरणं म्हणजे जिवाशी खेळ.

मला पाहायला लोटलेल्या गर्दीत माळीपुऱ्याची देवकाबाईही होती. पन्नाशीची, ठसठशीत कुंकू लावलेली बाई. ती आली होती वेगळ्याच कामाला. माळीपुऱ्याला नाल्यात एक रपटा हवा होता, त्याचा अर्ज तिच्या हातात होता. रपटा म्हणजे काय, दगडचुन्याचा ठेंगणा बांध. वरून गाडी जाते, खालून पाणी. मोठा पूर आला तर बुडतो, एरवी कामी येतो. पण तिची नजर माझ्यावर पडली आणि ती अर्जाचं बोलणंच विसरली.

“मास्तर, हा आमचा नाला होय का जी?”

“होय.”

“आन् हा पूल? गाडीबैल जाईन यावरून?”

“दोन गाड्या शेजारी शेजारी जातील,” मास्तर म्हणाले. “देवकाबाई, रपटा काऊन मागता? सरळ पूल येतोय. रपटा झाला, तर वरचे लोक म्हणतील, यांची सोय झाली, आता पूल कशाला? थोडा दम धरा.”

ते मनापासून बोलले होते. देवकाबाईनं पुलाच्या कठड्यावरून अलगद बोट फिरवलं. काडेपेटीतल्या काड्यांचा कठडा होता तो. “इतका सुंदर पूल सोडून रपटा कोन मागंल बाप्पा!” म्हणाली आणि घरी गेली.

मग सुरू झालं वाट पाहणं. माझ्यासमोर सभा भरायच्या, चहा व्हायचा, वासुदेवराव छडीच्या टोकानं घाट दाखवायचे. पाहुणे तोंड भरून कौतुक करायचे आणि निघून जायचे. एक गोष्ट मी पाहिली आहे. माणूस खिडकीशी उभा राहिला की आधी माझ्याकडे बघतो. खिडकीबाहेर बघायचं त्याला सुचतच नाही.

पुढे नागपूरहून एक इंजिनीअर आले. त्यांनी मान हलवली. म्हणाले, पूल कशाला, नालाच वरून झाकून टाकू. त्यावर दुकानांच्या दोन रांगा काढू, गाळ्यांचं भाडं येईल. वासुदेवरावांना ते इतकं पटलं की मास्तरांना त्याच संध्याकाळी निरोप गेला.

मास्तर आले. पटाशीनं माझा पूल सोडवला, नाल्याची काच उचकटली. मला दुखतं की नाही, ते कोण विचारतो? पूल त्यांनी कागदात गुंडाळून कपाटात ठेवला आणि जागेवर लाकडी ठोकळ्यांची दुकानं चिकटवली. माळीपुऱ्याचा रपट्याचा अर्ज दरम्यान पुन्हा आला होता. त्याला उत्तर गेलं की नालाच राहणार नाही, तेव्हा रपट्याचा प्रश्न उरत नाही. बाहेर नाला वाहतच होता.

पुढच्या श्रावणात देवकाबाईची सून सुलोचना अडली. पहिलं बाळंतपण. माळीपुऱ्याच्या सुइणीनं हात टेकले आणि सरकारी दवाखान्यात न्या म्हणाली. दवाखाना नाल्याच्या अलीकडे. पाऊस उघडला होता, पाणी काही फार नव्हतं, गाडीच्या आसाएवढं. पण खाली गाळ. भर दुपारी मी खिडकीतून पाहिलं. छकडा नाल्यात उतरला, मधोमध आला आणि चाक रुतलं. देवकाबाईचा नवरा तानबा पाण्यात उतरून चाकाला खांदा देत होता. बैल गुडघ्यावर बसले. दोन्ही काठांवरून माणसं धावली. शेवटी सुलोचनेला खाटेवर घालून खांद्यावरून काढलं.

सुलोचना वाचली. बाळ गेलं.

पंधरवडा उलटल्यावर देवकाबाई सभागृहात आली. मास्तर एकटेच होते, ठोकळ्यांना रंग देत होते. ती माझ्यापाशी उभी राहिली आणि दुकानांवरून बोट फिरवत काहीतरी शोधू लागली.

“इथं पूल होता ना जी, मास्तर?”

मास्तरांच्या हातातला ब्रश थांबला. “होता.”

“कुठं गेला?”

“काढला. कपाटात आहे.”

“कपाटात,” ती म्हणाली. ना ओरडली, ना रडली. “आमी तुमच्या पुलाची वाट पाहून राह्यलो होतो मास्तर. तुमी म्हनलं, दम धरा. आमी धरला. आता माह्या सुनेले मी काय सांगू, किती दम धरजो म्हनून?”

ती गेल्यावर त्यांनी ठोकळे तसेच अर्धवट रंगलेले सोडले. रंगाचा वाडगा सुकून गेला.

उन्हाळ्यात नाला आटला, तेव्हा रपटा बांधायला ते स्वतः माळीपुऱ्यात गेले. मला हे सारं खिडकीतूनच दिसलं. टेकडीपलीकडून बैलगाड्यांनी काळा दगड यायला लागला. तानबा आणि त्याचे भाऊबंद पाया खणत. बायका चुन्याच्या पाट्या वाहत, त्यांत सुलोचनाही होती. मास्तर शाळा सुटली की धोतर खोचून दोरी लावत उभे राहत. उन्हानं त्यांचं नाक सोलवटलं होतं. यशोदाबाई सगळ्यांसाठी ताकाची कळशी घेऊन येत. मोरीचं नाव त्यांनी तेव्हा काढलं नाही.

वासुदेवरावांना कळल्यावर त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं. माझ्यासमोरच उभं केलं.

“देखो मास्तर, ती जागा योजनेची हाय. तिथं असं कच्चंबच्चं बांधाल, तं मंजुरी अटकंल. बंद करा.”

“बंद होणार नाही, वासुदेवराव.”

“तुमी कमेटीच्या कामाचे मानूस, आन् कमेटीच्या आडवे येऊन राह्यले?”

मास्तर शांतपणे म्हणाले, “तुमची योजना आली की रपटा फोडून टाका. मी स्वतः पहिला घण घालीन. पण ती येईपर्यंत त्या बायांनी गाळात उतरायचं, हे मी आता बघणार नाही. त्यांना दम धरायला मी सांगितलं होतं. तुम्ही नाही.”

वासुदेवरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माणूस तसा वाईट नव्हता. त्यांचाही घाट अजून झाला नव्हता, आणि केस मात्र माझ्यासमोर पिकत चालले होते. “करा,” एवढंच म्हणाले आणि टोपी उचलून निघाले. मृगाच्या आधी रपटा पुरा झाला. त्याचं उद्घाटन वगैरे झालं नाही. पहिली गाडी गेली ती कांद्यांची.

त्याच वर्षी राज्य बदललं. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. योजनेचे कागद आता नव्या नमुन्यात नव्यानं करायचे होते. मला वाटलं, सुटलो. पण माणसाची हौस राज्याबरोबर बदलत नाही. नव्या निवडणुकीत नरहरपंत वकील अध्यक्ष झाले आणि त्यांनी तिसरी योजना काढली. नाल्याच्या तोंडाशी बांध घालायचा, मागे तळं करायचं, तळ्यात नावा सोडायच्या.

पुन्हा मास्तरांना निरोप. या वेळी ते जिना चढताना मध्ये थांबले. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी दुकानं काढली, काच बसवली, कपाटातला पूल शोधून पुन्हा चिकटवला. एका कमानीला वाळवी लागली होती, ती रंगानं लपवली. कागदाच्या नावा केल्या. सांगितलं ते सगळं केलं. फक्त बोटं आता पूर्वीसारखी हलत नव्हती, आणि डोळ्यांत तो भरवसा नव्हता. सवयीनं करत होते.

सगळं झाल्यावर त्यांनी खिशातून शाळेतल्या फुटक्या दगडी पाटीचा एक लांबट तुकडा काढला. कडा घासून गुळगुळीत केलेला. खिडकीबाहेर नीट पाहून जागा ठरवली आणि तो माझ्या नाल्यात आडवा बसवला.

नरहरपंत पाहायला आले. नावा पाहून खूश झाले. मग वाकले. “मास्तर, हे मध्येच काळं काय?”

“रपटा.”

“छे छे, तळ्याच्या मध्ये रपटा? सगळी शोभा जाते. काढून टाका.”

“तो काढता येणार नाही, वकीलसाहेब.”

“का?”

“तो तिथं आहे म्हणून,” मास्तर म्हणाले आणि ब्रश धुवायला निघून गेले.

नरहरपंतांनी नखानं तुकडा हलवून पाहिला. सरस चांगला धरला होता.

तळ्याच्या योजनेचं पुढे काय झालं ते मला विचारू नका. कागद कुठेतरी फिरताहेत म्हणे. माझ्यावर धूळ बसते, पोपडे उडतात, नावा केव्हाच उडून गेल्या. उद्या चौथा कोणी येईल, आणखी काही चिकटवील. नाही म्हणायची ताकद माझ्यात नाही, आणि मास्तरांचे हात आता थरथरतात.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी इकडे आलात आणि कोणी छडी घेऊन माझ्यावरची बाग, घाट, पूल दाखवू लागलं, तर दोन घटका ऐकून घ्या. बिचाऱ्यांना तेवढीच हौस असते. पण मग विचारा की यातलं खरं काय. आणि कोणी सांगितलं नाही, तर स्वतःच त्या पाटीच्या तुकड्यावर बोट ठेवा. तेवढा एक खरा आहे. बाकीचं ओझं मी उगाच धरून बसलोय.