उद्याराव

तिचे वडील घरोघर फिरून विजेच्या मीटरचे आकडे टिपत. दार वाजवलं की दोन पावलं मागे सरून उभं राहायची त्यांची सवय. एकतीस वर्षांनी निरोप समारंभ झाला, तेव्हा कचेरीतल्या सहकाऱ्यांनी पँट वर करून कुत्रे चावल्याचे वण दाखवले. एकाने दारुड्या घरमालकाशी झालेली झटापट रंगवून सांगितली. वडिलांकडे दाखवायला वण नव्हता आणि सांगायला किस्साही नव्हता.

"हे आमचे उद्याराव!" एकजण म्हणाला. "जरा काही वेगळं दिसलं की म्हणणार, उद्या येऊ!"

सगळे पोट धरून हसले. वडीलही हसले. मागे बसलेल्या तिचे मात्र कान तापले.

वडील भित्रे आहेत हे तिला लहानपणीच कळलं होतं. सुट्टीत ती त्यांच्याबरोबर फिरायची. एकदा ते एका फाटकाशी थबकले, आत डोकावले आणि म्हणाले, "चल, उद्या येऊ."

"का? कुत्रा तर दिसत नाहीये."

"साखळी दिसतेय ना? नुसतीच लोंबतेय. आणि भांड्यातलं पाणी अजून हलतंय."

"बाबा, तुम्ही घाबरलात?"

"हो तर. घाबरायचंच असेल तर फाटकाच्या अलीकडे घाबरावं."

संध्याकाळी आई रोजच्यासारखं विचारायची, "काय झालं आज?" वडील बूट काढता काढता म्हणायचे, "काही नाही." किती कंटाळवाणा माणूस, असं तिला वाटायचं.

वडील जाऊन सहा वर्षं झाली. आता तीही घरोघर फिरते, खांद्याला थंड पेटी अडकवून, रक्ताचे नमुने गोळा करत. एकदा सकाळी साडेसातला तिने तिसऱ्या मजल्यावरची घंटा वाजवली आणि दोन पावलं मागे सरली. ती सवय तिला कधी लागली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

चाळिशीच्या माणसाने दार उघडलं.

"या ताई. आई आत झोपलीय."

उंबऱ्याशी पुरुषी बुटांचे तीन जोड होते. बाईची चप्पल एकही नव्हती. दार त्याने निम्मंच उघडलं होतं. आत जायचं तर त्याला घासूनच जावं लागलं असतं.

"आजी रात्री किती वाजता जेवल्या?" तिने तिथूनच विचारलं.

"ते तिलाच विचारा की आत येऊन."

"आजी!" तिने हाक मारली. आतून आवाज आला नाही.

"तिला ऐकू येत नाही हो. कानाशी तोफ डागली तरी."

तिने हातातला कागद पाहिला. काल फोन करून नोंदणी कुणी केली, या रकान्यात लिहिलं होतं: रुग्ण स्वतः.

"माझी सुयांची डबी खाली गाडीत राहिली," ती म्हणाली. "आणते."

"अहो, घाबरता काय? खाणार नाही कुणी तुम्हाला!" तो हसला. मग त्याचा आवाज चढला. "म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवता? तक्रार करीन मी!"

तिचे कान तापले, अगदी निरोप समारंभातल्यासारखे. आत खरंच एखादी बहिरी म्हातारी उपाशी झोपली असेल तर? फोन शेजारणीने केला असेल तर? पाय क्षणभर अडखळले. मग ती जिन्याकडे वळली आणि कठड्याला धरून, त्याच्याकडे पाठ न करता, खाली उतरली.

समोरच्या औषधाच्या दुकानातून तिने प्रयोगशाळेत फोन लावला. "दोघांना पाठवा. आजी खरंच असतील तर त्यांची तपासणी राहायला नको."

अर्ध्या तासाने दोघे सहकारी आले, वर गेले आणि पेटी तशीच घेऊन परतले. दाराला कुलूप होतं. नोंदणीत दिलेला फोन नंबर बंद लागत होता. त्या दाराआड काय होतं, ते तिला कधीच कळणार नव्हतं. जे घडलंच नाही त्याचा नमुना कुठल्या नळीत भरणार? एकतीस वर्षांत वडिलांनी अशा किती गोष्टी घडू दिल्या नसतील? मोजायला मागे काहीच उरलं नव्हतं. उरली होती ती आईला तेव्हा रोज संध्याकाळी ऐकू येणारी त्यांच्या बुटांची चाहूल.

साहेबांचा फोन आला. आवाजात त्रासिकपणा होता.

"काय झालं तिथे नेमकं?"

"काही नाही, सर," ती म्हणाली. आपला आवाज थेट वडिलांसारखा आला, हे तिच्या लक्षात आलं. तिने पेटी खांद्यावर घेतली आणि पुढच्या घराचा पत्ता वाचला.