बटण, बटन आणि बट्टण

दोघी जावांचं शिवणसामानाचं दुकान होतं. सुया, दोरे, बटणं, चेनी, लेस, अस्तरं, असे दोन हजारांवर जिन्नस. धाकटीने हट्टाने ते ऑनलाइन आणलं, तेव्हाच मोठीने नाक मुरडलं होतं. "सुई काय फोटोत बघून घेतात? बोटाला टोचून बघावी लागते." त्यानंतर तिने वेबसाइटचं नाव काढलं नाही.

पण माल वाढला तशी गिऱ्हाइकं त्यात हरवायला लागली. शेवटी धाकटीने वेबसाइटवालीला बोलावलं. ती कापड बेतायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली.

"तुमचा आत्ताचा शोध फार भोळा आहे," ती म्हणाली. "अक्षर न अक्षर जुळलं तरच माल दाखवतो. त्यालाच थोडा सुधारू, फुकटात होईल. नाहीतर आपलं स्वतःचं मोठं यंत्र बसवू. पण त्याची उस्तवार मलाच करावी लागेल, आणि मी कुठे गेले की तुम्ही बसाल कपाळाला हात लावून. तिसरं म्हणजे बाहेरच्या कंपनीची सेवा भाड्याने घ्यायची. तिला चुकीचं लिहिलेलंही कळतं."

"फुकटचं बरं," गल्ल्यावरून मोठीने निकाल दिला. "ज्याला धड लिहिता येत नाही, त्याने दुकानात यावं."

"आधी लोक काय शोधतात ते तर बघू." वेबसाइटवालीने एक यादी उघडली. ज्या शोधांना काहीच सापडलं नव्हतं, ते सगळे त्यात होते. धाकटी वाकून मनातल्या मनात वाचू लागली. बटन. बट्टण. बटन काळे. काळ बटन चार भोकी. चर्र आवाज येतो ते. अगं बटन कुठाय.

एका रविवारच्या दुपारी एकेचाळीस शोध, आणि सगळे एकाच खात्यावरून. वेबसाइटवाली त्या खात्याचा फोन नंबर मोठ्याने वाचणार, तोच धाकटीने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. नंबर तिला तोंडपाठ होता. तो जाऊबाईंचा होता.

धाकटीला हसू आवरेना. मग एकदम वाटलं, नावडत्या दारावर कुणी एकेचाळीस वेळा थाप मारतं का?

"ताई," ती बेताने म्हणाली, "एका गिऱ्हाइकाने एकेचाळीस हाका मारल्यात. आपण एकदाही ओ दिली नाही."

नोटा मोजता मोजता मोठीचा हात थांबला. "बिचारी. फार चुकीचं लिहीत होती का?"

"छे हो. ण आणि न, एवढंच."

"मग यंत्राचीच अक्कल कमी!" मोठी स्टूल ओढत टेबलापाशी आली. "सरका. मी बघते."

वेबसाइटवालीने भाड्याची सेवा चाचणीपुरती जोडून दिली. मोठीने एका बोटाने 'बटन' लिहिलं. पडदाभर बटणं उमटली, तशी तिची छाती फुगली. मग तिने 'दोरा' लिहिलं. दोऱ्यांच्या रिळांबरोबर पडद्याच्या दोऱ्याही आल्या.

"बघा! दोरा मागितला तर दोरी गळ्यात मारते!"

"छोट्या शब्दांना चुकीची सूट द्यायची नाही, असं तिला बजावता येतं," म्हणत वेबसाइटवालीने दोन कळा दाबल्या. दोरी गेली.

मग 'चर्र'. काहीच आलं नाही.

"हे कुठल्याच यंत्राला कळायचं नाही," वेबसाइटवाली म्हणाली. "चर्र म्हणजे काय?"

"वेल्क्रो! पोरांच्या बुटांना असतो तो. निम्मी गिऱ्हाइकं असंच मागतात."

"मग असे शब्द तुम्हीच भरून द्यायचे. सेवा कुठलीही घ्या, त्याला पर्याय नाही."

झालं! टिचबटण की टिकबटण, चेन की झिप, यावर दोघी जावा संध्याकाळपर्यंत भांडल्या, आणि भांडता भांडता दीडशे शब्द लिहून झाले. भाड्याची सेवा घ्यायची, हे मोठीनेच ठरवून टाकलं.

उठताना ती धाकटीकडे न बघता म्हणाली, "एकेचाळीस नाही, चाळीस. एकदा बोट चुकून लागलं होतं."

धाकटी ओठ दाबून उभी राहिली. मग दोघीही फिसकन हसल्या.

आता रोज सकाळी, शटर वर गेलं की मोठी आधी ती यादी मागते. परवा त्यात एकच ओळ होती. 'शर्ट फाटलाय, नवऱ्याला कळता कामा नये.'

"हिला रफूचा दोरा दाखवा," मोठी म्हणाली. "आणि घरपोच नको म्हणावं. येऊन घेऊन जा."