गोधड्यांआडून आलेला होकार

आमच्या चाळीत इंटरनेटची तार येत नाही, समोरच्या चाळीत येते. म्हणून दोन्ही गच्च्यांवर मी एकेक डबा समोरासमोर लावलाय. प्रत्येकात बिनतारी इंटरनेट पोचवणारे दोन रेडिओ. एक वेगवान पण नाजूक, मध्ये काही आलं की संपला. दुसरा संथ, पण चिवट. पहिला बंद पडला की दुसऱ्याने काम उचलायचं, अशी सेटिंग. विक्रोळीच्या ऑफिसात मी हेच करते, त्यामुळे घरी कुणी अक्कल शिकवलेली मला खपत नाही.

"कशाला दोन-दोन? एक चालतंय ना!" माझ्या नवऱ्याने, नितेशने, तेही केलंच.

"तू भजी खा रे गुपचूप."

मला धास्ती होती ती भाऊंची, म्हणजे सासऱ्यांची. देवदिवाळीला गावच्या देवळात भावकीचं गाऱ्हाणं दरवर्षी तेच घालतात. ते देवाकडे मागणं मागतात आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. यंदा मांडीचं हाड मोडून ते इथे भांडुपला आमच्याकडेच अडकले. व्हिडिओ कॉलवरून गाऱ्हाणं घालायचं ठरलं, तेव्हा कुठे नीट जेवायला लागले. मधेच कॉल तुटला असता, तर मला त्यांच्याकडे बघवलं नसतं.

आदल्या दिवशी पहिला रेडिओ मुद्दाम बंद केला. दुसऱ्याने लगेच काम उचललं. पहिला परत चालू करून मी ऐटीत खाली आले, आणि तासाभरात इंटरनेट गायब! वर धावले, तर शेजारच्या वनमालाकाकूंनी आमच्या डब्यासमोरच ओल्या गोधड्या वाळत घातलेल्या. आणि दुसरा रेडिओ ढिम्म! असा राग आला की डबा उचलून खाली फेकावासा वाटला.

घरात भाऊ सराव करत होते. एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे.

"भाऊ, थांबताय कशाला? इथे कोण आहे ओ द्यायला?"

"व्हय म्हाराजा इल्याबिगर फुडे जावचा नाय गो."

माझी ट्यूब पेटली. पहिला रेडिओ बंद पडलाच नव्हता. तो आपला बडबडत होता, पलीकडून उत्तर येतंय का याची त्याला फिकीरच नव्हती. मी दोन्ही डब्यांची सेटिंग बदलली. आता समोरच्याला सारखी हाक मारायची, ओ आली नाही की दुसऱ्या रेडिओवर जायचं.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं सुरू झालं. "बा देवा म्हाराजा! जा काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे रे म्हाराजा!"

पडद्यावरचं देऊळ थिजलं. आवाज गेला. काकूंनी उरलेल्या गोधड्याही आजच वाळत घातल्या असणार! भाऊ हात जोडून थांबले.

"व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या रेडिओवरून चित्र धूसर येत होतं, पण आवाज खणखणीत. इतकं हायसं मला माझ्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

भाऊंनी एकेक करत सगळी मागणी मागितली. शेवटी माझ्याकडे बघून एक जास्तीचं घातलं, "आणि ह्या माझ्या सुनेच्या हाताक येश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं गाव म्हणालं. मी ओढणी डोळ्यांना लावली. सगळ्यांत मोठ्याने नितेश ओरडला होता.