बयाबाईचं उजवीकडचं काळीज

आधीच सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी गोदावरीत पडो आणि मासे ती घालून हिंडोत.

तर बयाबाई एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती, तोंडाला पदर लावून. साल चौऱ्याण्णव, नाशिक रोडचा एक लहानसा दवाखाना. ती खोकली की स्टेशनातली गाडी निघायची, ड्रायव्हरला वाटायचं गार्डाची शिट्टी झाली. शेजारी नवरा पुंजाराम, आडगावचा फुलवाला, हातातली टोपी पिळत बसलेला. लग्नाला काही वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता आणि हिचा खोकला थांबत नव्हता.

आत गोटीराम एक्स-रेवाला. डावं-उजवं दाखवायचं शिशाचं अक्षर त्यानं कधीच हरवलं होतं. मग त्यानं युक्ती काढली. फिल्म सुकली की बघायचं, काळीज ज्या बाजूला ती डावी. तिथं पेनानं 'डावी' लिहून मोकळं. आडगाव-पंचवटीच्या निम्म्या छात्या त्यानं अशा लिहिल्या, एक चुकली नाही.

बयानं उजव्या छातीवर हात ठेवला. म्हणाली, "भाऊ, माझं काळीज हिकडं धडधडतं."

"घाबरल्यावर समद्यांचं समदीकडं धडधडतं, ताई. श्वास धरा."

तिनं श्वास धरला. गोटीरामनं पेन उचललं आणि देवानं उजवीकडं ठेवलेलं काळीज डावीकडं नेऊन ठेवलं. डॉक्टरसमोर गर्दी. त्यांनी नळी पाठीला लावली, फिल्मवरचे डाग बघितले आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या.

आता फुलवाल्यांच्या घरची गोष्ट सांगते. देवाचं फूल हुंगत नाहीत, हुंगलं की ते उष्टं झालं. बयाचं नाक जन्मापासून चोंदलेलं. निशिगंधाच्या ढिगात झोपवली तरी तिला वास म्हणून येत नसे. सासू बाजारात मिरवायची, आमच्या सुनेच्या हातची फुलं घ्या, तिनं मनात आणलं तरी उष्टी व्हायची नाहीत. त्याच सासूनं गोळ्या घरात आल्या त्या दिवशी तिच्या पुढ्यातली फुलांची पाटी काढून घेतली. ताट वेगळं, तांब्या वेगळा. पहाटे बाजारात नवरा-बायको एकच चहा घ्यायची, कप तिला, बशी त्याला. तेही थांबलं. तिचा कप दारामागच्या खुंटीला गेला.

पुढं पुंजारामनं तिला मखमलाबादला माहेरी सोडलं. "बरी झालीस का न्यायला येतो," म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं कशाला बोलू? गोळ्या संपल्या, दुसऱ्यांदा सुरू झाल्या, परत संपल्या. टीबीच नव्हता तर बरा काय होणार? काही वर्षांनी सासूच्या हट्टापायी त्यानं दुसरी बायको केली. मुलगी झाली, सृष्टी. बयानं गोदाकाठी स्वतःची पाटी मांडली, तोंडावर फडकं बांधून हार ओवू लागली. खुंटीवरचा कप तिनं माहेरी आणला नव्हता. म्हणायची, राहू दे तिथं, जायचंच आहे.

दोन हजार सातच्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. शुभांगी डॉक्टरीण नवी होती, तिच्याकडं सवड होती. तिनं नळी डावीकडं लावली, ठोका अगदी दबका. नळी सरकवत सरकवत उजवीकडं नेली आणि थांबली. नवा फोटो काढला. नाकातून बारीक ब्रशनं नमुना घेऊन मुंबईला पाठवला. उत्तर यायला बरेच दिवस लागले. ते आल्यावर तिनं बयाला समोर बसवलं.

तिनं सांगितलं ते असं. श्वासनळीत आतून बारीक बारीक केस असतात. वाऱ्यावर गहू डुलावा तसे ते डुलतात आणि कफ वर ढकलत राहतात. एकेका केसात शेकडो तऱ्हेची प्रथिनं असतात. त्यातलं एक हातासारखं, ते शेजारच्या दांडीला धरून ओढतं तेव्हा केस वाकतो.

"तो हातच तुमच्यात नाही, मावशी. जन्मापासून. म्हणून कफ साठतो, नाक चोंदतं."

बया म्हणाली, "प्रथिनं म्हंजी डाळीतली ना? डाळ तर मी दोन टाईम खाती."

डॉक्टरीण हसली. डाळीनं हे भरून निघत नाही म्हणाली. पंगतीला सगळा स्वयंपाक तयार आहे, पण वाढपीच नाही, तशातली गत. आईच्या पोटात काळीज कुठल्या बाजूला जायचं तेही असेच केस हलून ठरवतात. ते हलले नाहीत की काळीज कुठल्याही बाजूला जातं. मूल न राहण्यातही त्यांचा हात असू शकतो.

बयानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हे दुसऱ्याला लागतं का?"

"नाही. कुणालाच नाही. कधीच लागणार नव्हतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे पुंजाराम बाजारात फुलं उतरवत होता. केस पिकलेले. बया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तोंडावरचं फडकं सोडलं.

"टीबी नव्हता. कुणाला लागत नाय म्हनं माझं."

त्यानं हातातली पाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "आता सांगून काय करू, बया?"

"काय नको करू. चहा घे."

तिनं एकच चहा मागवला. अर्धा बशीत ओतला आणि बशी त्याच्याकडं सरकवली. पुंजारामनं इकडंतिकडं बघितलं. मग दोन्ही हातांनी बशी उचलली आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

झालं. काळीज उजवीकडं होतं, गोटीरामचं पेन खरं, वास न येणारी फुलवालीही खरी. कवळी माझ्या तोंडात शाबूत आहे. फक्त बशी त्यानं उचलली, एवढं मी पदरचं घातलं. खरं तर तो म्हणाला, "सृष्टीची शाळा हाय," आणि पाट्या उचलून गेला.

बशीतल्या चहावर साय धरली. बयानं आधी कप संपवला, मग बशी. फडकं परत बांधलं आणि निशिगंधाचा अर्धा राहिलेला हार पुढं ओवायला घेतला.