मूर्तिजापूरचं आकाश

हवाई युद्धाच्या इतिहासात मूर्तिजापूरच्या आकाशाला तोड नाही. तिथं जेवढी विमानं पडली तेवढी दुसऱ्या कुठल्या आकाशात पडली असती, तर ते आकाश केव्हाच फाटून खाली आलं असतं. हे फाटलं नाही, कारण ते जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, ताट होतं आणि दुर्गाबाई ते रोज राखेनं घासत असत.

"शेषरावभाऊ, तुमी पडले," दुर्गाबाई मूर्तिजापूरच्या एक्स्चेंजमधून फोनवर म्हणाल्या. पाठोपाठ काहीतरी चावल्याचा आवाज आला.

अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेषराव तायडे यांनी गुडघ्यांत धरलेला लाकडी रूळ टेबलावर ठेवला. "कोनं पाडलं? समोर त कोनीच नवतं."

"समोरून कोन येते बावा? मांगून आलो," अकोल्याच्या टोकाहून किसनराव म्हणाले. "मांगं पाह्य, मांगं पाह्य म्हनून बोंबलून राह्यलो मी. तुही मान हाय का खुटा?"

सहासष्ट सालची ही गोष्ट. दुपारच्या सुट्टीत ट्रंक लाइनवर बोलून ती धड आहे की नाही हे तिन्ही गावांच्या ऑपरेटरांनी तपासायचं, असा नियम होता. काय बोलायचं, याबाबत नियम गप्प होता. पहिली काही वर्षं तिघं पावसापाण्याचं बोलले. मग मागल्या वर्षीची लढाई झाली, गल्लीगल्लीत पोरं हात पसरून विमानं होऊन धावू लागली, आणि किसनरावांनी सहज सांगितलं की मी हवाई दलात होतो. होतेही. विमान चालवलं नव्हतं, धुतलं होतं. पण तिथं शिकाऊ वैमानिकांसाठी एक लाकडी खोका होता, जमिनीवरच डुलणारा, आत दांडा, पायाशी पट्ट्या. तो पुसता पुसता किसनराव त्यात बसत. पडायची भीती नाही आणि उडायची सगळी ऐट, असं ते वाहन होतं.

"मले शिकवता का, दादा?" शेषरावांनी विचारलं होतं. विचारून तेच दचकले. शिडीची तिसरी पायरी चढले की डोळे मिटून घेणारा हा माणूस.

शिक्षण सुरू झालं. खुर्ची म्हणजे विमान, रूळ म्हणजे दांडा. दांडा ओढला की नाक वर, ढकलला की खाली. पहिल्याच दिवशी शेषराव हौसेनं ओढत गेले. "नाक लय वर केलं का रफ्तार जाते," किसनराव म्हणाले, "अन् रफ्तार गेली का तू विमान नाई, दगड हायस." शेषराव बडनेऱ्याच्या सिग्नलवर पडले. दुसऱ्या खेपेला सरळ जात राहिले, वळायचं विसरले आणि धामणगाव ओलांडून तेल संपून पडले. किसनराव हसले नाहीत. "आता उडनं आलं," एक दिवस ते म्हणाले, "आता लढू."

लढाईला पंच हवा. मूर्तिजापूर मधे, म्हणून दुर्गाबाई. त्यांनी मांडीवर ताट घेतलं. अकोल्याचा फुटाणा, अमरावतीचा शेंगदाणा. जो तो आपली चाल सांगे, त्या दाणा सरकवत आणि ज्याच्या त्याला समोरचं काय दिसतं ते सांगत. मागचं मात्र सांगत नसत. "मांगं पाह्यलं" असं म्हटलं तरच सांगत. जो पडेल तो दाणा पंचाच्या तोंडात जाई, हेच त्यांचं मानधन. अकोल्याचं विमान शिवणीच्या धावपट्टीवरून उडे. अमरावतीला धावपट्टी नव्हती, म्हणून दुर्गाबाईंनी शेषरावांना भातकुलीकडच्या एका पडीक वावराची मंजुरी दिली. शेषरावांचं गाव तिकडलंच.

दुपार कलली की सूर्य अकोल्याच्या बाजूला. किसनराव रोज सूर्यातून येत, वळसा घालत आणि मागून उडवत. दुर्गाबाईंनी त्या वर्षी एवढे शेंगदाणे खाल्ले की त्यांना पित्त झालं. फुटाणा एकच होता, पहिल्या दिवशी ताटात ठेवलेला. त्याला धक्का लागला नव्हता.

"अबे, नुसतं म्हन न, मांगं पाह्यलं म्हनून!" किसनराव एकदा वैतागून म्हणाले. "इथं कोन पाहून राह्यलं तुले?"

"न पाह्यता कसं म्हनू, दादा?"

"मंग पाह्य!"

"वळत नाई."

आणि खरंच वळत नसे. मानेला रोग नव्हता. शेषरावांचे वडील पुंजाजी त्यांना लहानपणी गावाच्या पारावरून शाळेत धाडत. पारावर बसलेली माणसं मागून हाका मारत. हाकेत नाव सोडून बाकी सगळं असे. पुंजाजींनी पोराच्या मानेवर हात ठेवून सांगितलं होतं, "मांगून कोनी काई म्हनो, मान वळवाची नाई. मान वळली का पाय थांबते. पाय थांबला का शाळा गेली." पुढं छप्पन साली पुंजाजी नागपूरला जाऊन धम्म घेऊन आले, गावच्या हाकाही हळूहळू बसत गेल्या, पण पोरगा तोवर मॅट्रिक झाला होता, सरकारी नोकरीत लागला होता आणि त्याची मान वळायची विसरली होती. राजकमल चौकातून सायकलवर जाताना मागून कोणी "तायडेसाहेब!" म्हटलं तरी ते पायडल जोरात मारत. लोकांना वाटे, साहेबाला गर्व आला. बायको सत्यवती हुशार. बाजारात त्यांना काही सांगायचं झालं, तर ती आधी भराभर त्यांच्या पुढं जाई आणि मग वळून हाक मारी. संसार तेवढ्यावर सुरळीत चालला होता.

हे सगळं शेषरावांनी किसनरावांना एकदाच सांगितलं, तेही लाइनमध्ये खरखर असताना.

"माह्या गावातही पार होता," किसनराव म्हणाले. मग खाकरून म्हणाले, "चाल, लाव इंजिन."

मार्चअखेर किसनरावांचं पेन्शन. त्यानंतर ते मुलाकडे भुसावळला जाणार होते. शेवटच्या दुपारी त्यांनी आधीच बजावलं, "हे पाह्य तायडे, मी काई फुकट पडनार नाई. पडाचं असतं त कवाच पडलो असतो. पन आज एकडाव तू जित्ता उतर. मले ऐकाचं हाय."

शेषरावांनी रूळ गुडघ्यांत धरला. तळवे घामानं ओले झाले होते. खुर्ची जमिनीपासून दीड हातावर होती, तरीही. भातकुलीच्या वावरातून शेंगदाणा उडाला. बडनेरा खाली गेलं.

"समोर काय हाय, बाई?"

"मोकळं हाय."

"डाव्या अंगानं वळलो. आता?"

"मोकळंच हाय, भाऊ."

मोकळं होतं म्हणजे किसनराव मागं होते. हे आता शिकाऊ पोरालाही कळलं असतं. शेषरावांना पहिल्यापासून कळत होतं. मानेच्या मुळाशी पुंजाजींचा हात होता. तो हात गार पडून चार वर्षं झाली होती, पण जागचा हलला नव्हता.

"भाऊ, बोला," दुर्गाबाई हळूच म्हणाल्या. पंचानं असं म्हणायचं नसतं.

शेषरावांनी डोळे मिटले, रूळ घट्ट धरला आणि मान फिरवली. कानावरच्या फोनचा पट्टा सरकला, खुर्ची करकरली. मग डोळे उघडले.

मागं अख्खं एक्स्चेंज उभं होतं. सुपरवायझरसाहेब हातात अर्धी भाकर घेऊन. शकुन आणि दुसरी ऑपरेटर डबे उघडेच टाकून. लाइनमन सहदेव शिडी खांद्यावरून न उतरवता. रोजच उभे राहत असणार. जमिनीवर त्यांच्या जागा ठरल्यासारख्या दिसत होत्या. कोणी हसत नव्हतं. कोणी काही म्हणतही नव्हतं. साहेबांचा घास गालातच थांबला होता.

"दिसला का, तायडे?" साहेबांनी कुजबुजत विचारलं.

शेषराव एक क्षण त्यांच्याकडे पाहत राहिले. मग फोनमध्ये म्हणाले, "मांगं पाह्यलं."

तिकडे ताट हललं. दुर्गाबाई म्हणाल्या, "किसनभाऊ मांगंच हाय तुमच्या. जरासाक वर. सूर्यात."

आता काय करायचं ते शेषरावांना कोणी शिकवायची गरज नव्हती. बाजारात सत्यवतीनं ते रोज करून दाखवलं होतं. मागच्याला पुढं जाऊ द्यायचं. "रफ्तार सोडली," ते म्हणाले, "खाली दबलो. जाऊ द्या त्याईले पुढं."

"गेले पुढं," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमच्या नाकासमोर हाय."

"मारलं, दादा."

किसनरावांनी सावकाश श्वास सोडला. "पडलो बावा. बरोबर पडलो." आणि लगेच, जुन्या चिडक्या आवाजात, "हुरळू नको. नाक संभाळ. उतर आता."

शेषराव उतरू लागले. भातकुलीचा रस्ता, कडुनिंब, पडीक वावर. वावराच्या पल्याड पार असणार. त्यांनी त्याच्यावरून एक सावकाश चक्कर मारली आणि दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं. मग रूळ हलकेच ओढला.

"चाकं टेकले," ते म्हणाले.

मागं सहदेवनं शिडी खाली ठेवली. साहेबांनी घास गिळला.

"ऐकलं," किसनराव म्हणाले. "जय भीम, तायडे."

"जय भीम, दादा."

अकोल्याकडून बोर्डातली लाइनची खुंटी काढल्याचा खट् आवाज झाला. शेषराव पट्टा कानाला धरून तसेच बसले. मूर्तिजापूरची लाइन चालू होती. दुर्गाबाईंनी घसा साफ केला.

"शेषरावभाऊ, एक इचारू का? रागावसान नाई न?"

"इचारा न, बाई."

"हा फुटाना लय जुना हाय हो, अन् माही दाढ ठनकून राह्यली. त्याच्याऐवजी शेंगदाना खाऊ का?"